बादलीतला टॅब आणि सड्यावरचं ऊन

विक्रेत्याने दुकानातच बादलीभर पाणी मागवलं, टॅब त्यात सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही. टॅब पाण्याखाली चालू होता. मी म्हटलं, "आणि ऊन?" त्याने वर ट्यूबलाइटकडे बघितलं.

आमचं काम देवगड तालुक्यातल्या बागांच्या नोंदीचं. प्रत्येक कलम कुठे आहे, किती जुनं आहे, फांदी कुठे मेली आहे, हे सगळं गट नंबरप्रमाणे नकाशावर घालायचं. आधी वही आणि फोन होते. वही पहिल्या वळवाने संपवली, फोन वहाळात गेला. मग कचेरीने ठरवलं की मजबूत टॅब घ्यायचे, आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साध्या टॅबच्या दुप्पट-तिप्पट किंमत, त्यामुळे नुसता कंपनीचा माहितीचा कागद बघून घेणार नाही असं मी आधीच सांगितलं. तीन टॅब आठ-आठ दिवस वापरायला मिळाले. दोन मे महिन्यात आले. तिसरा उशिरा, पाऊस सुरू झाल्यावर.

कागद वाचायलाही शिकावं लागलं. आयपी67 हा धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा; त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ही चाचणी गोड्या पाण्याची. शिवाय पाण्यात बुडून टिकला म्हणून नळीच्या जोरदार धारेतही टिकेल असं नाही, तो आकडा वेगळा असतो. मिल-एसटीडी-810 हे अमेरिकी लष्कराचं मानक. त्यात साधारण 1.22 मीटरवरून 26 वेळा टाकून बघतात, पण ते 26 आपटे पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे एकाच टॅबने सगळे सोसले असतील असं नाही. आणि शिक्का देणारी लष्कराची कुठली कचेरी नसते, बहुतेक वेळा कंपनीच सांगते की आम्ही तपासलंय.

गंमत म्हणजे पडून एकही टॅब फुटला नाही. पहिला गडग्यावरून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरून, जांभ्या दगडावर कोपऱ्यावर आपटला, रबराला खरवड गेली, बस. अडचण आली ती कागदावर ठळक न छापलेल्या गोष्टींची.

पहिल्याचा पडदा साधारण 500 निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप). घरात झकास. दुपारी बारा वाजता सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, त्यात फक्त माझं तोंड आणि टोपी दिसायची. कलमाच्या सावलीत जायचं, टिपायचं, परत उन्हात यायचं. दुसरा 1000 निट्सचा. तो दिसला, अगदी स्पष्ट दिसला, आणि तासाभरात इतका तापला की स्वतःच मंद झाला. जांभा खालून तापतो, ऊन वरून, मध्ये आपण काळी पाटी धरून उभे. पडदा पूर्ण उजळ ठेवला की दुपारी दोनला बॅटरी मान टाकायची. पण याची बॅटरी मागचं झाकण उघडून बदलता येते. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसून भाकरी खाताना दुसरी घातली की काम पुढे चालू. माझं मत तिथेच बरंचसं ठरलं.

तिसरा पावसात आला. दहा इंची, वजन जवळपास किलोभर, गळ्यात पट्टा घालूनही संध्याकाळी मान अवघडायची. पहिल्याच सरीत पडद्यावर थेंब पडले आणि थेंबांनाच तो बोट समजला. मी हात लावलेला नसताना नकाशावर दोन काजू उगवले! पेन वापरल्यावर ते थांबलं, पण पेन दोरीने बांधून ठेवावं लागतं हे एक पेन चिखलात गेल्यावर कळलं. खाडीकाठी काम केलं त्या दिवशी चार्जिंगच्या भोकात ओल असल्याची सूचना आली आणि तासभर चार्जच होईना. तेव्हापासून खाऱ्या हवेतून आलं की गोड्या पाण्याने पुसायचं, वाळवायचं, मगच वायर लावायची, हा नेम.

सगळ्यात मोठं भांडण मात्र जीपीएसने लावलं. कलमं दहा-दहा मीटरवर असतात. दाट पानाखाली टॅबचं ठिकाण सहा-आठ मीटर सरकतं, म्हणजे झाड सरळ गडग्यापलीकडे. एका बागायतदार आजोबांनी पडद्यावर वाकून बघितलं आणि म्हणाले, "रे झिला, माझो आंबो त्येच्या हद्दीत कशाक घातलंस?" काय सांगणार? उपग्रहाच्या नेहमीच्या एल1 लहरीबरोबर दुसरी, एल5 लहरही पकडणारा टॅब पानाखाली बरा चालला, पण हद्दीलगतच्या ओळीसाठी ब्लूटूथवर जोडायचा वेगळा रिसीव्हर घ्यावाच लागला. तोही टोपीवर नाही, काठीवर, उंच.

रेंज घळीत नसतेच, त्यामुळे नकाशे आदल्या रात्री उतरवून न्यायचे. क्यूफील्ड हे नकाशावर नोंदी करायचं फुकट ॲप त्यासाठी पुरेसं आहे, एका मुलाने अर्ध्या दिवसात शिकून घेतलं.

शेवटी दुसरा टॅब घेतला, दोन नग, प्रत्येकी एक जादा बॅटरी. दुपारी तापतो म्हणून बारा ते तीन सड्यावर जायचं नाही, तेव्हा बागेतल्या ओळी घ्यायच्या, असं वेळापत्रकच बदललं. आजोबांकडे रिसीव्हर घेऊन परत गेलो. झाड गडग्याच्या आत आलं. त्यांनी ते दोनदा मोजायला लावलं, आणि मग पलीकडचं शेजाऱ्याचंही मोजून बघ म्हणाले.