वेळासमधील घरगुती मुक्काम : दोन रात्री, एक पडवी आणि सतरा पिल्ले

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण, म्हणजे सासूबाई, आम्ही दोघे, नणंद आणि नऊ व बारा वर्षांची मुले, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी दोन रात्री राहून आलो. समुद्री कासवांची पिल्ले पाण्यात जाताना मुलांना दाखवावीत, हा प्रवासाचा हेतू होता. परंतु परतल्यावर घरात जास्त बोलणे झाले ते ज्या घरी राहिलो त्या घराविषयी. कुटुंब घेऊन प्रथमच अशा मुक्कामाला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्यातील व्यवहाराच्या गोष्टी येथे सविस्तर लिहीत आहे.

वेळासला पाहुण्यांची सोय मुख्यतः गावकऱ्यांच्या राहत्या घरांतच होते आणि त्यामागे एक कारण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा घरट्यांतील अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवून नेत असत. अंडी सुरक्षित राहण्यात गावाचाही लाभ असावा, या विचारातून पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांना आपापल्या घरी उतरवून घेण्याची पद्धत रूढ झाली. आपण राहण्या-जेवण्याचे जे पैसे देतो ते थेट त्या घरात जातात, हे मला या मुक्कामाचे सर्वांत मोठे मोल वाटते.

आरक्षण दूरध्वनीवरच झाले. दर माणशी असतो आणि त्यात चहा, न्याहारी व दोन्ही वेळचे जेवण धरलेले असते. यजमानीणबाईंनी माणसे किती, मुलांची वये काय, तिखट कितपत चालते, हे सर्व विचारून घेतले; आम्ही मात्र एक प्रश्न विचारायला विसरलो आणि त्याचा त्रास सासूबाईंना झाला. स्वच्छतागृह घराच्या मागे परसात, चार पायऱ्या उतरून होते आणि ते भारतीय पद्धतीचे होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते जमणे शक्य नव्हते. आमची अडचण कळताच काकू शेजारच्या घरी जाऊन आल्या. त्यांच्याकडे कमोड होता, तेव्हा सासूबाईंची व नणंदेची झोपण्याची सोय तिकडे झाली. ‘आधी सांगितलं असतंत तर तुम्हाला सगळ्यांनाच तिकडे पाठवलं असतं हो,’ एवढेच त्या म्हणाल्या. म्हणून बरोबर वयस्कर माणसे असतील तर कमोड आहे का, स्वच्छतागृह घरात की बाहेर, पायऱ्या किती, आणि खोली स्वतंत्र मिळेल की दुसऱ्या कुटुंबाबरोबर पडवीत झोपावे लागेल, हे चार प्रश्न संकोच न करता आधीच विचारावेत. यजमान खरे तेच सांगतात. न विचारलेले मात्र त्यांना सुचत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते रोजचेच असते.

पुण्याहून आम्ही ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून म्हसळा आणि बागमांडला असे गेलो. बागमांडल्याला मोटारीसह फेरीबोटीत चढून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी लागते आणि तेथून बाणकोटमार्गे वेळास जवळ आहे. फेरी हुकल्यास मंडणगडकडून मोठा वळसा पडतो. त्यामुळे शेवटच्या फेरीची त्या दिवसाची वेळ यजमानांनाच विचारून निघावे.

घर जांभ्या दगडाचे, कौलारू होते. पुढे पडवी, आत माजघर आणि मागे नारळी-पोफळीचे आगर. गाद्या जमिनीवर घातल्या होत्या, पंखा होता, वातानुकूलन नव्हते. जेवण पूर्ण शाकाहारी होते आणि चुलीजवळच पाटावर बसून वाढून घ्यायचे होते : गरम भात, आमटी, कोवळ्या फणसाची भाजी, कैरीचे लोणचे, सोलकढी. दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक झाले, परंतु ते आदल्या रात्री सांगितले होते म्हणून. घरातल्या दोन बायका पाहुण्यांचा सगळा स्वयंपाक करतात, तेव्हा जेवणाची ठरलेली वेळ पाळावी आणि किती जण जेवणार नाहीत हे सकाळीच सांगावे. मासळी हवी असणाऱ्यांनी ती मिळेल का हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. घरात शिरल्यावर आग्रह धरू नये.

समुद्रकिनारा वाडीपासून बराच लांब आहे आणि तेथवर चालत जावे लागते. किनाऱ्यावर जाळीचे कुंपण घालून अंड्यांचे कृत्रिम घरटे केले आहे. सापडलेली अंडी मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावरच्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उघडून पाहतात. पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू नव्हते. धाकटा रडवेला झाला, आणि माझ्या मते प्रत्येक पालकाने याची तयारी ठेवूनच यावे. दोन रात्री राहावे म्हणजे चार वेळा संधी मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सतरा पिल्ले होती. कार्यकर्त्यांनी ती ओल्या वाळूवर सोडली. दोरीमागे उभ्या असलेल्या सगळ्या माणसांचा आवाज आपोआप बंद झाला आणि पहिली लाट पिल्लांना उलटे मागे फेकत असताना मुलांनी माझा हात घट्ट धरला होता. दोरी ओलांडू नये, फ्लॅश वापरू नये, पिल्लाला हात लावू नये. या सूचना मुलांना घरूनच समजावून आणाव्यात. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

सकाळ-संध्याकाळच्या मधला वेळ रिकामा असतो. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तेथे त्यांचे स्मारक आहे. खाडीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला लहान आहे आणि सासूबाईंखेरीज आम्ही सर्व जण तो तासाभरात पाहून आलो. दुपारी मात्र ऊन सोसवत नाही. आम्ही पडवीत पडून राहिलो. मुले काकांबरोबर आगरात शिंपणे करायला गेली ती जेवायलाच परतली.

सामानात विजेऱ्या, प्रत्येकाची चादर, डासांचे मलम, वाळूत चालण्याजोग्या चपला आणि पुरेशी रोख रक्कम असावी. मोबाइलची रेंज घराच्या ठरावीक कोपऱ्यातच मिळत होती. पैसे पाठवण्यासाठी तिच्यावर विसंबून चालत नाही. आंघोळीचे पाणी बंबात तापते, म्हणून सहा जणांनी एकामागून एक, बादली मोजून आंघोळ करावी लागली.

निघताना हिशेब काकूंनी वहीत लिहिला. शेजारच्या घराचे दोन माणसांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते त्या घरी नेऊन द्यायला सांगितले. कोकमाचे आगळ आम्ही दोन्ही घरांतून घेतले आणि अकराच्या फेरीसाठी दहालाच वेश्वीच्या रांगेत लागलो.