ग्राफिक्स ड्रायव्हरचा कोड साफ करताना तारीख मिळवायचा माझा अनुभव

राजेहो, हे लिहूनच टाकतो, डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. एका ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अख्ख्या कोडचं फॉरमॅटिंग एकसारखं करायचं, जुनी नावं बदलायची, कोणी वापरत नाही ती फंक्शनं काढायची, हे सगळं मी नागपुरात बसून जुळवून आणलं. टूल्स पटकन ठरली, नावं बदलायला कोक्सिनेल (नमुना दिला की सी कोडमध्ये सगळीकडे बदल करणारं टूल) आणि फॉरमॅटिंगला क्लँग-फॉरमॅट.

अडलं ते हा बदल मुख्य कोडमध्ये कधी घालायचा त्या तारखेवर. एवढा मोठा बदल गेला की ज्यांचं काम अर्धवट आहे त्या सगळ्यांच्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, कॉन्फ्लिक्ट येतात (एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल), म्हणून ज्याला विचारावं तो म्हणे की कल्पना मस्त आहे पण आत्ता नको, माझी पॅचेसची सिरीज आधी जाऊ दे. एकाची गेली की दुसऱ्याची उभीच. रिव्ह्यू करणारे युरोप-अमेरिकेत, म्हणून जेवणं उरकून रात्री कूलरसमोर बसायचं, आणि उत्तर काय यायचं तर 'पुढच्या महिन्यात पाहू'. तोवर इकडे कोड बदललेला, परत स्क्रिप्ट चालवा, परत बिल्ड, परत टेस्ट. एकानं तर 'यानं फायदा काय' एवढंच विचारलं आणि गायब झाला, लय संताप आला. अरे, 2016 च्या डिसेंबरात एएमडीचा नवा डिस्प्ले कोड लिनक्स कर्नलचा ग्राफिक्सचा भाग सांभाळणाऱ्या डेव्ह एअरली यांनी कर्नलमध्ये घ्यायला नकार दिला होता, त्यातल्या हार्डवेअर झाकणाऱ्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनच्या थरामुळे, आणि भरपूर साफसफाई झाल्यावर तो कर्नलच्या 4.15 आवृत्तीत आला, म्हणजे 2018 च्या जानेवारीत. वाचता न येणारा कोड पुढची माणसं सांभाळणार कशी?

शेवटी मी विचारणंच बंद केलं आणि तारीख जाहीर केली, रिलीजची ब्रांच कापायच्या अगदी आधीची. ही वेळ मुद्दाम घेतली. ब्रांच कापल्यावर सफाई केली तर मेन म्हणजे मुख्य ब्रांचमधला प्रत्येक बगफिक्स स्टेबलवर, म्हणजे रिलीजच्या ब्रांचवर, नेताना कॉन्फ्लिक्ट, आधी केली तर दोन्हीकडे कोड सारखाच राहतो. सोबत स्क्रिप्ट कमिट मेसेजमध्येच टाकली आणि सगळ्यांना सांगितलं की आपली ब्रांच आधी सफाईच्या बरोबर आधीच्या कमिटवर रिबेस करा (म्हणजे आपले बदल त्याच्यावर नव्यानं रचा), मग आपल्या प्रत्येक कमिटवर हीच स्क्रिप्ट चालवा, हातानं कॉन्फ्लिक्ट सोडवत बसू नका. हे वाचल्यावर विरोध बराच मावळला. हे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण तेव्हा तर कोणी वाचतच नव्हतं.

'काहीतरी तुटेल' म्हणणाऱ्यांसाठी पुरावा लागतो. फॉरमॅटिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या फाइली, बाइट-बाय-बाइट ताडून पाहा. असर्टमध्ये (कोडमधली 'हे खरंच आहे ना' अशी तपासणी) लाइन नंबर जातो, एक ओळ खाली सरकली तरी फाइल वेगळी दिसते, म्हणून असर्ट आणि डिबग माहिती दोन्ही बंद करूनच बिल्ड करा. म्हणूनच फॉरमॅटिंग, नावं आणि कोड काढणं एका कमिटमध्ये कधीच मिसळू नका, आणि प्रत्येक कमिट स्वतंत्र कंपाइल झालाच पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा, म्हणजे कोणत्या कमिटनं बिघडलं ते अर्धे-अर्धे करत शोधणारा, शिव्या घालतो. मी सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या एका जुन्या ग्राफिक्स कार्डावरही चालवून पाहिलं, कारण जुन्या चिपसाठीचा कोड सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, धावतच नाही.

हो, चिपच्या रजिस्टरच्या टेबलांभोवती फॉरमॅटिंग बंद करायच्या कमेंटा आधी टाका, हातानं जुळवलेले कॉलम विस्कटले की परत लावताना जीव जातो. आणि गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) सगळीकडे तुमचंच नाव दिसू नये म्हणून तो कमिट इग्नोर-रेव्ह्जच्या फाइलमध्ये लिहा, गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून, ही सोय आहे.

मर्ज झाल्याझाल्या फॉरमॅटची तपासणी सीआयमध्ये लावून द्या, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आमच्याकडे ती सकाळीच एका नव्या पॅचवर लाल झाली, पॅचवाल्यानं तो बिनतक्रार दुरुस्त करून परत पाठवला आणि मला मनापासून आनंद झाला.