ब्लॉक ४ मधली न आलेली गाडी

तीन आठवडे नोंद लिहिली नाही, कारण लिहिण्याजोगं काही हाती लागतच नव्हतं. आता लागलंय.

माझ्या मॉडेल रेल्वेचा लेआउट तोच, हॉलच्या भिंतीलगतचा बोरघाट. एचओ, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ आकाराचा. खऱ्या घाटातला १:३७ चा चढ हट्टाने तसाच ठेवलाय, त्यामुळे दहा सेंटिमीटर वर जायला ३.७ मीटर रूळ लागतो आणि भिंत आधी संपते. म्हणून पळसदरीहून निघालेली गाडी बेडरूमच्या दाराशी वळून परत येते आणि मग ठाकूरवाडीला पोचते. आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर डीसीसी-ईएक्स (रुळांतूनच इंजिनांना हुकूम पाठवणारं सॉफ्टवेअर), वर रुळाला वीज देणारं मोटर शील्ड, आणि सगळ्याच्या डोक्यावर जुन्या लॅपटॉपवर जेएमआरआय, म्हणजे गाड्या आणि सिग्नल सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर. रुळाचे सात तुकडे म्हणजे सात ब्लॉक, आणि प्रत्येकात गाडी आल्याचं ओळखणारा एक आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर. ब्लॉक ४ म्हणजे ठाकूरवाडीचा लूप, गाडी बाजूला उभी करायचा रूळ.

तक्रार अशी: जेएमआरआयच्या पॅनेलवर ब्लॉक ४ अचानक लाल व्हायचा. लूप रिकामा, रुळावर एक डबासुद्धा नाही. पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे गाडी उभी, त्यामुळे मागचा सिग्नल लाल आणि पळसदरीची मालगाडी जागच्या जागी. थोड्या वेळाने आपोआप सगळं हिरवं. मग पुन्हा लाल.

पहिला संशय अर्थातच सॉफ्टवेअरवर. जेएमआरआय ४ वरून ५ वर गेलो, त्यासाठी जावा ८ काढून ११ टाकलं, प्रोफाइल नव्याने बनवलं. मेगा पुन्हा जोडायला गेलो तर त्याचा पोर्टच गायब. लिनक्सवर चायनीज सीएच३४० या यूएसबी चिपवाले बोर्ड असतील तर हे लक्षात ठेवा: ब्रेल यंत्रांसाठीचा एक प्रोग्राम काही आवृत्त्यांत आधीपासून बसवलेला असतो, आणि तो या चिपला आपलंच यंत्र समजून ताब्यात घेतो. तो काढून टाकला की पोर्ट परत येतो. शिवाय या चिपना बहुधा स्वतःचा सिरियल नंबर नसतो. माझ्याकडे फलाटावरच्या दिव्यांसाठी वेगळा आर्डुइनो नॅनो बोर्ड आहे. एकदा लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर दोघांच्या नावांची अदलाबदल झाली आणि जेएमआरआय अर्धा तास दिव्यांच्या बोर्डाला इंजिन चालवायला सांगत बसलं. आता पोर्ट नावाने न धरता यूएसबीच्या कुठल्या भोकात आहे त्यावरून धरलाय. भोकावर नेलपॉलिशचा ठिपका.

हे सगळं करून भूत जागच्या जागी. बायको म्हणाली, “फुकटचं आहे ना ते? मग असंच चालणार.” याच फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी बॉब जेकबसन हा बर्कलीचा भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत कोर्टात लढला, आणि २००८ साली तिथल्या अपील कोर्टाने ओपन सोर्स परवान्याच्या अटी मोडणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं असा निकाल दिला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं. पण मालगाडी अजून तिथेच आहे.”

मग मी ती चूक केली जी आपल्यातले बरेच जण करतात. सेन्सर टेबलमध्ये डिबाउन्सचे रकाने उघडून सातही सेन्सरांना सरसकट दोन सेकंद देऊन टाकले. म्हणजे सेन्सर सलग दोन सेकंद लागलेला राहिला तरच जेएमआरआयने त्यावर विश्वास ठेवायचा. लाल-हिरव्याचा खेळ कमी झाला, मी खूश. त्याच रात्री डेक्कन क्वीन (म्हणजे माझी, रंग घरीच मारलेली) खंडाळ्याच्या लूपमध्ये थांबायच्या जागी पुढच्या सांध्यावर (गाडी रूळ बदलते ती जागा) चढली आणि दोन डबे आडवे.

हिशोब आधी करायला हवा होता. खऱ्या ताशी ६० किमीला ८७ ने भागलं की सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर. दोन सेकंदांत ३८. माझ्या लूपमध्ये सेन्सर ते सांधा अंतर ३० सेंटिमीटर. जेएमआरआयला गाडी आल्याचं कळेपर्यंत इंजिन सांध्यापलीकडे गेलेलं होतं.

डिबाउन्स शून्यावर आणला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: जेएमआरआयच्या डीसीसी++ मेनूतला ट्रॅफिक मॉनिटर उघडून, वेळेची खूण लावून, सगळं फाइलमध्ये साठवायला लावलं. मेगा आणि लॅपटॉप यांच्यात जे काही बोललं जातं ते तिथे उघडंनागडं दिसतं. कॅपिटल क्यू आणि सेन्सरचा नंबर म्हणजे सेन्सर लागला, स्मॉल क्यू म्हणजे सुटला. पॅनेल काय दाखवतं, लॉजिक्स (जेएमआरआयमधले मी घातलेले नियम) काय ठरवतं हे सगळं त्याच्या वरचे मजले. तळमजल्यावरच कॅपिटल क्यू ४ येत असेल तर जेएमआरआय बिचारं निरपराध आहे. आणि तो येत होता.

आठवडाभराची फाइल घेऊन बसलो. मंगळवारी पहिला खोटा क्यू दुपारी ४:४१ ला, शेवटचा ४:५९ ला. बुधवारी ४:४१ ते ५:००. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तेच. सकाळी एकही नाही, रात्री तुरळक. रविवारी मात्र ४:४३ ला सुरू होऊन ५:३६ पर्यंत.

सुरू व्हायच्या वेळेपेक्षा बंद व्हायची वेळ मला जास्त छळत होती. पाचच्या ठोक्याला, रविवार सोडून. हे यंत्राचंच काम वाटत होतं. लॅपटॉपवर पाच वाजता चालणारं काही आहे का, बॅकअप, अपडेट, सगळं उलथंपालथं केलं. काही नाही. शेवटी सोमवारी ऑफिसातून लवकर निघून, साडेचारला स्टूल घेऊन ठाकूरवाडीसमोर बसलो.

पश्चिमेच्या खिडकीच्या गजांतून उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून सरकत खाली आला, कड्यावर आला, मग रुळावर. ४:४२ ला सेन्सरच्या काळ्या काचेवर. मॉड्यूलवरची हिरवी एलईडी लागली. बाहेरच्या शेवग्याची फांदी हलली, सावली पडली, एलईडी विझली. परत लागली. लॅपटॉपवर क्यूंची नुसती रांग.

मी बघतच राहिलो होतो, तेवढ्यात मागून कड्यांचा सर्रकन आवाज आला आणि हॉलमध्ये अंधार. आई पडदा ओढून टीव्हीसमोर बसत होती.

“आई, तू हा पडदा रोज लावतेस?”

“मग? ऊन सगळं टीव्हीवर येतं. मालिकेतलं काही दिसतं का?”

“आणि रविवारी?”

“रविवारी कुठे असते मालिका!”

मंगळवारपासूनची सगळी फाइल त्या एका वाक्यात बसली.

आता कारण. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारं हे आयआर मॉड्यूल म्हणजे एक आयआर एलईडी, शेजारी एक फोटोडायोड, आणि दोन पातळ्या ताडून पाहणारा एक कंपॅरेटर. डब्याच्या तळावरून परतलेला प्रकाश प्रीसेटने (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की आउटपुट खाली, म्हणजे ‘गाडी आहे’. हा प्रकाश आपल्याच एलईडीचा आहे की सूर्याचा, हे ओळखायची त्यात काही सोय नाही, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर. टीव्हीच्या रिमोटमध्ये प्रकाश ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकता ठेवतात आणि रिसीव्हर तेवढाच ऐकतो, तो त्यासाठीच. प्रीसेट फिरवून मी उन्हाला चुकवू शकतो, पण मग काळ्या तळाचे वाघिणीचे डबेही दिसेनासे होतात. करून पाहिलंय.

उपाय: फोटोडायोडवर काळ्या हीट श्रिंक स्लीव्हची आठ मिलिमीटरची नळी, आणि सेन्सर खाली ओढून दोन स्लीपरच्या मधे, वरून फक्त भोक दिसेल असा. तिरपं ऊन आत पोचत नाही. ठाकूरवाडीला मात्र मी आयआर काढूनच टाकणार आहे. तिथे रुळातल्या करंटवरून गाडी ओळखायची, आणि डब्यांच्या एका आसावर थोडासा करंट ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे इंजिन पुढे गेलं तरी मागचे डबे दिसत राहतील. तसे आठ आस झालेत, डोळे गेले.

रात्रीचे तुरळक क्यू राहिले होते. ते उन्हाचे नक्कीच नव्हते. सगळ्या गाड्या थांबवून ट्रॅक पॉवर चालू ठेवली: तासाला पाच-सहा, वीस-तीस मिलिसेकंदांचे. पॉवर बंद केली: दोन तास एकही नाही. बोर्डाखाली वाकून पाहिलं तर सेन्सरच्या वायरी आणि रुळाला वीज देणारी जाड जोडी मी स्वतःच केबल टायने एकत्र बांधली होती, पाच मीटर, अगदी नीटनेटकी. डीसीसीमध्ये रुळावरचा व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा उलटतो (एकचा बिट असेल तर दर ५८ मायक्रोसेकंदांनी), आणि शेजारची लांब वायर ते सगळं ऐकते. नीटनेटकेपणा कापून टाकला. सेन्सरची प्रत्येक वायर आता तिच्या ग्राउंडसोबत पीळ घातलेली, आणि जाड जोडीला ओलांडायचं तिथे काटकोनात. उरल्यासुरल्यासाठी डिबाउन्स १०० मिलिसेकंद. एवढ्यात गाडी दोन सेंटिमीटर पुढे जाते, ते परवडतं.

मधल्या एका गुरुवारी लाईट गेली, तेव्हा वेगळंच प्रकरण झालं. लॅपटॉप बॅटरीवर, मेगा लॅपटॉपच्या यूएसबीवर, म्हणजे दोघेही जागे. झोपल्या फक्त गाड्या. मी चहा घ्यायला आत गेलो. लाईट आली आणि घाटातल्या तिन्ही गाड्या आपापल्या जुन्या वेगाने एकदम सुटल्या, कारण मेगा त्यांना शेवटचा हुकूम सतत पाठवतच होता. आता रुळाच्या अडॅप्टरवर एक रिले बसवलाय आणि त्याची स्थिती आठवा सेन्सर म्हणून जेएमआरआयला कळते. तो सुटला की छोटी जायथन स्क्रिप्ट सगळ्यांचा वेग शून्य करून ट्रॅक पॉवर बंद करते, आणि परत चालू फक्त मीच करायची.

काल संध्याकाळी पडदा उघडा ठेवून, आईला आतल्या खोलीतला टीव्ही लावून देऊन, साडेचार ते सहा तीन गाड्या फिरवल्या. खोटा क्यू शून्य. एकदा ब्लॉक ६ लागला, पण तिथे खरंच डबा सुटून राहिला होता.

पुढे बँकर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. कर्जतला मागे लावायचं आणि लोणावळ्याला सोडवायचं. त्यासाठीचं माझं इंजिन, डब्ल्यूसीजी-२, जुन्या मोटरचं आहे आणि त्यातला डिकोडर (हुकूम समजून घेणारी चिप) वाचायला गेलं की ३०८ एरर देतं, म्हणजे इंजिनाकडून उत्तर नाही. शनिवारी ते उघडतो.