एका दिवसाची नोंद आणि तीस वर्षांचे शहर

‘काल मी कुठेच गेले नाही,’ असे त्या बाईंनी सांगितले आणि मी प्रवासनोंदीच्या फॉर्मवर फेऱ्यांच्या रकान्यात शून्य लिहिले. उरलेले प्रश्न संपवून कागद आवरत असताना बोलता बोलता कळले, की सकाळी त्या मुलाला शाळेत सोडून आल्या होत्या, येताना औषधे घेतली होती आणि संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आईची विचारपूस करून परतल्या होत्या. मी शून्यावर काट मारून पुन्हा पहिल्यापासून विचारू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, चालतच तर जाते, त्याला काय प्रवास म्हणायचं?’ शून्याच्या जागी अखेर पाच फेऱ्या लिहिल्या गेल्या: घर ते शाळा, शाळा ते औषधांचे दुकान, दुकान ते घर, घर ते आई आणि परत. शहरी वाहतुकीच्या अभ्यासात मी जे काही शिकलो, त्यात हा एक रकाना फार वरच्या स्थानावर आहे.

पायी केलेल्या छोट्या फेऱ्या प्रवास-सर्वेक्षणांतून गळतात, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. सांगणाऱ्याला त्या फेऱ्या प्रवास वाटत नाहीत आणि विचारणाऱ्याला घाई असते. पण याच नोंदींवरून पुढे वाहतुकीचा अंदाज बांधणारी गणिती प्रारूपे बेतली जातात आणि त्या प्रारूपांवरून रस्ता किती रुंद करायचा हे ठरते. जी फेरी कागदावर आलीच नाही, तिच्यासाठी कोणी पदपथ आखत नाही. काही वर्षांनी रस्ता रुंद होतो, शाळा त्या रस्त्याच्या पलीकडे पडते, मुलाला पायी सोडणे धोक्याचे होते आणि मग ती फेरी वाहनाने होऊ लागते. तेव्हा मात्र ती नोंदवली जाते, आणि वाहनांची मागणी वाढली असा निष्कर्ष निघतो.

या पद्धतीचा उगम पाहिला तर तिची मर्यादाही समजते. १९५३ मध्ये डेट्रॉइटमध्ये आणि त्यानंतर लगेचच १९५५ पासून शिकागोमध्ये महानगराच्या पातळीवरचे मोठे वाहतूक-अभ्यास सुरू झाले. त्यांतून जी पद्धत घडली, तिच्या चार पायऱ्या आजही जगभर शिकवल्या जातात. कोणत्या विभागातून किती फेऱ्या निघतात, त्या कुठे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या मार्गाने जातात, हे त्या क्रमाने काढले जाते. पद्धत कष्टाने उभी केलेली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. परंतु तिच्या नेहमीच्या वापरात वीस वर्षांनंतरचा जमिनीचा वापर आधीच ठरलेला आहे असे धरून प्रवास मोजला जातो. कुठे घरे असतील, कुठे नोकऱ्या असतील हे वरून येते. रस्ता बांधल्यामुळे ती घरे आणि त्या नोकऱ्या जागा बदलतील का, हा प्रश्न पायऱ्यांच्या बाहेर राहतो.

हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडण्याचे श्रेय बरेचसे वॉल्टर हॅन्सन यांच्याकडे जाते. १९५९ मधल्या त्यांच्या लेखात सुगम्यता, म्हणजे एखाद्या जागेहून किती संधी आवाक्यात येतात, हे मोजण्याची रीत आहे. भोवतीच्या प्रत्येक ठिकाणच्या नोकऱ्या मोजायच्या, जे ठिकाण जितके दूर तितके त्याचे वजन कमी धरायचे आणि बेरीज करायची. ज्या जागेची बेरीज मोठी आणि जिथे बांधायला मोकळी जमीन आहे, तिथे वस्ती वाढते, असे त्यांनी दाखवले. माप साधे आहे, पण त्याने विचाराची दिशा फिरली. जमिनीच्या वापरातून प्रवास निर्माण होतो, हे आधीपासून मान्य होते. प्रवासाच्या सोयीतून जमिनीचा वापर निर्माण होतो, ही साखळीची दुसरी कडी त्यामुळे मोजता येण्याजोगी झाली.

मात्र या साखळीच्या कड्या एकाच वेगाने फिरत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातली खरी अडचण इथेच आहे. मायकेल वेगेनर यांनी शहरातल्या बदलांची त्यांच्या गतीनुसार मांडणी केली आहे. रस्त्यांचे आणि रेल्वेचे जाळे व जमिनीच्या वापराचा आराखडा अतिशय सावकाश बदलतात, इमारती सावकाश बदलतात, त्या इमारतींत राहणारी माणसे आणि काम देणाऱ्या आस्थापना बऱ्याच लवकर बदलतात, आणि माल व माणसांची ये-जा तर त्याच दिवशी बदलते. पूल बंद झाला की सकाळी नऊला लोक दुसरी वाट धरतात. तोच पूल कायमचा नाहीसा झाला, तर त्यामुळे एखादे गोदाम हलायला पाच वर्षे लागतील आणि त्या गोदामाच्या जागी घरे उभी राहायला पंधरा. आपली सर्वेक्षणे एका दिवसाची असतात, प्रकल्पांचे मूल्यमापन फार तर तीन-चार वर्षांत उरकते. म्हणजे या चौघांपैकी सर्वांत चपळ जो आहे, त्यालाच आपण पुनःपुन्हा मोजतो आणि उरलेल्या तिघांबद्दल अंदाज बांधतो.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे म्हणूनच अवघड होते. महामार्गाच्या कडेला उपनगरे दिसतात. पण महामार्गामुळे उपनगरे आली, की उपनगरे येणारच होती म्हणून महामार्ग तिथे नेला गेला? नॅथॅनिएल बॉम-स्नो यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा पेच ज्या रीतीने सोडवला, ती मला आजही विलक्षण वाटते. त्यांनी प्रत्यक्ष बांधलेल्या महामार्गांवर थेट विसंबण्याऐवजी अमेरिकेच्या १९४७ च्या राष्ट्रीय महामार्ग आराखड्याचा आधार घेतला. तो आराखडा दूरदूरची शहरे जोडण्यासाठी आणि संरक्षणाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून आखला होता. कोणत्या शहराची माणसे रोज उपनगरातून कामाला येतील, याचा विचार त्यात नव्हता. त्यामुळे एखाद्या शहराच्या वाट्याला त्या आराखड्यात किती रेषा आल्या, हा उपनगरांच्या दृष्टीने जवळपास योगायोग ठरतो, आणि तेवढ्या योगायोगातून महामार्गाचा परिणाम वेगळा काढता येतो. १९५० ते १९९० या काळात अमेरिकेतील महानगर क्षेत्रांची एकूण लोकसंख्या ७२ टक्क्यांनी वाढली, तरी त्यांच्या मध्यवर्ती शहरांची १७ टक्क्यांनी घटली. मध्यवर्ती शहरातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या महामार्गामागे तिथली लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाली, आणि हे जाळे उभेच राहिले नसते तर त्या शहरांची लोकसंख्या सुमारे ८ टक्क्यांनी वाढली असती, असा त्यांचा अंदाज आहे. हे कळायला चाळीस वर्षांची जनगणना लागली. एका दिवसाच्या नोंदवहीतून ते कधीच दिसले नसते.

असाच दुसरा पेच माणसांच्या बाजूने येतो. दाट वस्तीत, जिथे घरे, दुकाने आणि कामाच्या जागा एकमेकांना लागून आहेत, तिथे राहणारे लोक कमी वाहन चालवतात, हे अनेक शहरांत आढळले आहे. पण ज्यांना चालणे आवडते, तेच लोक मुळात अशी वस्ती निवडत असतील तर? पॅट्रिशिया मोख्तारियन, सुझन हँडी आणि शिन्यू काव यांनी या स्व-निवडीच्या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांनी घेतलेल्या आढाव्यातून साधारण असे दिसते, की माणसाची आवड हिशेबात धरल्यावरही वस्तीच्या रचनेचा स्वतःचा परिणाम शिल्लक राहतो. रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे नियोजकांनी जपून ठेवावेत असे आहेत. लोकसंख्येची घनता दुप्पट झाली तरी, इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या, तर वाहनाने कापलेले अंतर जेमतेम तीन टक्क्यांनी घटते. आवाक्यातल्या नोकऱ्या दुप्पट झाल्या तर ते सुमारे तेरा टक्क्यांनी घटते. म्हणजे उंच इमारती उभारून प्रश्न सुटत नाही. त्या इमारती कशाच्या जवळ उभ्या आहेत, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. हॅन्सन यांनी त्याच्या पन्नास वर्षे आधी जे मोजायला सांगितले होते, तेच इथे पुन्हा वर आले.

रस्ते वाढवून कोंडी कमी होत नाही, यावर आता फारसे लिहायला नको. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने १९९४ मध्ये नव्या रस्त्यांमुळे नवी वाहतूक निर्माण होते हे मान्य केले, आणि अर्थतज्ज्ञ ड्युरंटन व टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवले की अमेरिकेच्या शहरांत आंतरराज्य महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरचा वाहनप्रवासही वाढतो. तरीही प्रवासात वाचलेल्या मिनिटांची पैशांत किंमत लावून रस्त्याचा फायदा काढण्याची सवय जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते, कारण लोक आणखी लांब राहायला जातात आणि ती मिनिटे काही वर्षांत लांबच्या घरांमध्ये जिरून गेलेली असतात.

जमिनीच्या बाजूने पाहायचे तर आज साधने विपुल आहेत. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना विनामूल्य मिळतात. एका शहराच्या कडेला झालेल्या रस्त्याच्या जोडणीची अशी चित्रे मी वर्षावर्षाने लावून पाहिली. आधी हिरवा चौकोन होता. मग तो दोन-तीन वर्षे तपकिरी राहिला, न पेरलेला. मग त्यात बारीक पांढऱ्या रेषा उमटल्या, म्हणजे आतले रस्ते आखले गेले, आणि घरांची छपरे त्यानंतर बऱ्याच उशिराने दिसली. माझ्या संगणकाने तो तपकिरी काळ ‘पडीक’ या वर्गात टाकला होता. खरे तर त्या जमिनीचा निर्णय तेव्हाच झालेला होता; पेरणी थांबणे हीच बदलाची पहिली खूण होती. शिवाय उपग्रहाला दिसते ते जमिनीवरचे आच्छादन, तिचा वापर नव्हे. या चित्रांतला एक ठिपका तीस मीटर बाजूचा असतो. तळमजल्यावरच्या खोलीचे दुकान झाले, किंवा घराचे कार्यालय झाले, तर छप्पर तेच राहते आणि ठिपका बदलत नाही. त्या बाईंना मात्र औषधांचे दुकान चालत गाठता येते की नाही, हे अशाच बदलाने ठरते.

माणसाच्या आठवणीवर तरी किती विसंबावे? स्टॉकहोममध्ये जानेवारी ते जुलै २००६ या काळात गर्दीशुल्काचा, म्हणजे शहराच्या मध्यभागाची सीमा ओलांडणाऱ्या वाहनांकडून पैसे घेण्याचा, प्रयोग झाला, तेव्हा शुल्करेषा ओलांडणारी वाहने सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाली. पण नंतर विचारल्यावर अनेकांना आपला प्रवास बदलल्याचे जाणवलेच नव्हते. रस्त्यावरची गणना एक सांगत होती आणि माणसे दुसरे. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा संप झाला, काही स्थानके बंद राहिली आणि नेहमीचे प्रवासी दुसऱ्या वाटेने गेले. संप मिटल्यावर त्यांतले सुमारे पाच टक्के लोक नव्या वाटेवरच टिकले. हे प्रवाशांच्या तिकीट-कार्डांच्या नोंदींवरून कळले. कोणाला विचारून कळले नसते.

म्हणून एकाच कुटुंबाकडे पुनःपुन्हा जाणारी सर्वेक्षणे मला सर्वांत मोलाची वाटतात. जर्मनीत १९९४ पासून असे चालू आहे: निवडलेले कुटुंब सलग तीन वर्षे दरवर्षी एक आठवडा आपल्या प्रवासाची नोंद ठेवते. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून अशीच साखळी सुरू आहे. घर बदलले, मूल झाले, नोकरी सुटली, की त्या घटनेच्या आधीचा आणि नंतरचा प्रवास शेजारी ठेवता येतो. हे काम खर्चिक आहे, माणसे मधेच सोडून जातात आणि निष्कर्ष निघेपर्यंत अनुदान देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो.

आमच्या फॉर्मवर ‘किती फेऱ्या केल्या’ हा प्रश्न आता पहिला येत नाही. पहिला प्रश्न असा आहे: ‘काल सकाळी उठल्यापासून दाराबाहेर पहिल्यांदा पाऊल कधी टाकलेत?’ त्यानंतर ‘मग कुठे?’ एवढेच विचारत दिवस संपेपर्यंत जायचे. त्याला वीस मिनिटे अधिक लागतात. शेवटच्या पानावर आणखी एक रकाना वाढवला आहे: या घरात कधीपासून राहता, आणि आलात तेव्हा समोर काय होते.