तुम्ही विचारलंत म्हणून: गणित आणि व्याकरणाला काय वापरता?

लेकीला आम्ही शाळेत न घालता घरीच शिकवतो, त्यामुळे दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. बागेत, लिफ्टमध्ये, चुलत भावाच्या साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत सुद्धा. "गणिताला काय वापरता हो? आणि व्याकरणाला? पुस्तकाचं नाव तरी सांगा." आणि मी जरा अडखळले की समोरच्याला वाटतं ही लपवतेय. लपवत नाहीये. नाव सांगून तुमचं काम होईल असं मला वाटत नाही, कारण माझं झालं नाही, आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहितेय.

शाळेत का नाही घातलं, तो विषय आज काढत नाही.

लेक साडेपाचची होती तेव्हा शंभरपर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करायची, इंग्लिश मराठी दोन्ही वाचायची. मला एकच भीती होती की ही कंटाळेल. म्हणून मी बाहेरच्या देशातून पुस्तकं मागवली, गणित दोन इयत्ता पुढचं आणि इंग्लिश ग्रामरचा एक मोठा सेट, छत्तीस आठवड्यांचं वेळापत्रक आखून दिलेलं. ते मी फ्रीजवर लावलं. ग्रामरमध्ये व्याख्या पाठ करायच्या, मग वाक्यात खुणा करायच्या, सब्जेक्टखाली एक रेघ, व्हर्बखाली दोन. तिने सगळं भराभर उचललं आणि मी प्रत्येकाला सांगत सुटले, हे खरंय.

आता तो दिवस. मे महिना होता, ती साडेसहाची. धड्यात नियम होता की व्हर्ब सब्जेक्टप्रमाणे बदलतं. दहा वाक्यं होती, तिने चार केली आणि पाचव्याला पेन्सिल थांबली. आत सासूबाई आंबे चिरत होत्या. ती मला म्हणाली, "आई, आजीने आंबा खाल्ला. मग खाल्ली का नाही? आजी तर बाई आहे." मी म्हटलं, हं, पुढचं कर. ती म्हणाली, "पण चिंच असती तर खाल्ली म्हटलं असतं. आणि आजोबांनी चिंच खाल्ली तरी खाल्लीच. मग ते आंब्याचं आणि चिंचेचं ऐकतं का? आजीचं ऐकतच नाही?" आणि पानाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिलं, आजीने आंबा खाल्ली, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी काय केलं? मी घड्याळ बघितलं. आमचे तीन धडे मागे पडले होते. मी म्हटलं, "ते मराठीत आहे, आत्ता आपलं इंग्लिश चाललंय, पान घाण करू नकोस," आणि खोडरबर घेऊन ते वाक्य मी स्वतः खोडलं. तिने उरलेली सहा वाक्यं केली. सगळी बरोबर. पूर्ण पानावर एक चूक नव्हती.

रात्री भांडी लावताना माझ्या लक्षात आलं की साडेसहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या डोक्याने कर्मणी प्रयोग शोधून काढला होता आणि मी तो खोडला. कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद त्याला सोडतं आणि कर्माच्या मागे जातं, हे आम्हाला आठवी-नववीत पाठ करायला लावलं होतं आणि मला ते तेव्हाही नीट कळलं नव्हतं. तिला कळलं होतं, आंबा आणि चिंच बदलून बघून. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून विषय काढला, म्हटलं कालचं ते सांग ना. ती म्हणाली, "असू दे आई, ते मराठीत आहे." माझंच वाक्य. त्यानंतर बरेच महिने तिने असं काही विचारलं नाही. विचारायची ते, "हे पान आज संपवायचंय का?"

लगेच मला सांगू नका की मुलं विसरतात. विसरली असेलही, मी नाही विसरले.

आणि पुस्तकाचा दोष होता असंही म्हणत नाही. इंग्लिशसाठी तो नियम बरोबरच आहे. पण ते पुस्तक घरी मराठी बोलणाऱ्या मुलीसाठी लिहिलेलं नव्हतं, आणि तिचं सगळ्यात चांगलं डोकं मराठीत चालतं हे निवडताना माझ्या मनातच आलं नाही.

गणितातही तेच झालं होतं, मला उशिरा दिसलं. ती त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहायची आणि मी लाल खूण करायचे. अहो, शब्दात तीन आधी आणि सत्तर नंतर येतो, तिने ऐकलं तसंच लिहिलं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी वीस एक, वीस दोन अशी संख्यानावं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, गणितज्ञ मंगला नारळीकर या नव्या नावांची बाजू मांडत होत्या आणि मी विरोधात तावातावाने बोलत होते, की आमची भाषा बिघडवताय. आज अर्धं मत बदललंय. अर्धंच, कारण याच लेकीने एकदा एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत येऊन, मग एकोणशंभर का नाही म्हणून मला अडवलं होतं, आणि तो प्रश्न वीस एकमधून कधीच आला नसता.

तर आता काय वापरतो. बालभारतीची साधी पुस्तकं, इयत्ता तिच्या वेगाने. त्यात उदाहरणं कमी पडतात, हे खरं. शाब्दिक उदाहरणांना सिंगापूरवाल्यांची पट्ट्यांची पद्धत, म्हणजे आधी हातात वस्तू, मग चित्रात पट्ट्या, आकडे सगळ्यात शेवटी. ही मला मनापासून आवडते, पण त्यासाठी महागडा सेट लागत नाही, चौकटीची वही पुरते. शंभर मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे, मणी तुळशीबागेतून आणून घरी ओवली. अपूर्णांकाला भाजीवाल्या मावशी. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला शंभराचा पाव कमी, हे तिला तिथे कळलं, आणि बाहेरच्या पुस्तकातल्या क्वार्टर आणि डाइम या अमेरिकन नाण्यांनी मी तिचा महिना खाल्ला होता.

व्याकरणाला तिच्यासाठी पुस्तकच नाही. वाळंब्यांचं व्याकरण आहे, पण ते मी वाचते. रोज एक वाक्य फळ्यावर, आणि त्यातला एक शब्द ती बदलते. आजीने मांजराला हाकललं, आजोबांनी कुत्र्याला हाकललं, इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, यावर आमचे चार दिवस गेले. चार दिवस! जुन्या वेळापत्रकात तेवढ्यात आठवडा संपला असता.

पण तेव्हाची मी अजून आत बसलेली आहे आणि ती विचारते, हुशार पोरीला तू मुद्दाम हळू चालवतेस का? तिच्या वयाची मुलं क्लासला जाऊन कुठल्या कुठे पोचली. याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. कधीकधी ती चौथीचं गणित दहा मिनिटांत संपवते आणि खिडकीतून बघत बसते, तेव्हा मला पोटात तीच जुनी भीती वाटते.

काल अप्पा बळवंत चौकात गेले होते. पाचवीचं गणित हातात घेतलं, चाळलं, दुकानदार म्हणाला ताई बांधू का. लेक बाजूलाच उभी होती. तिला म्हटलं, घ्यायचं का ग? ती म्हणाली, "तू सांग."

मी ते ठेवून आले. परत जाऊन आणेनही.