घाटीचा कोन

(मॅट्रिक 1969, 'ब' तुकडी)

अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीने मला 'परदेशातील वाटचाल' असा विषय दिला आहे. माझी वाटचाल दोन ओळींत संपते. कऱ्हाडला इंजिनिअरिंग केलं, 1975 साली इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डला पुढचं शिक्षण घेतलं आणि नंतरची सगळी नोकरी जवळच्याच बेडफर्ड गावात पंप बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. पंपांवर चार पानं कोणी वाचणार नाही, माझी बायकोसुद्धा नाही. म्हणून त्या गावाजवळच्या एका विमानतळाबद्दल लिहितो. पण त्यासाठी आधी आपल्या घाटीबद्दल सांगायला हवं.

आज जिथे शाळेचा रंगमंच आहे तिथे 1967 साली नव्या वर्गांचं जोतं घातलं होतं. चिऱ्यांची बैलगाडी वर चढावी म्हणून गड्यांनी दगडमातीचा चढ केला होता. पुढे पैसे संपले, जोतं भरायचं राहिलं, आणि तो चढ वर जाऊन हवेतच तुटला. ही आमची घाटी. भाड्याची सायकल आणायची, पिंपळापासून जोरात मारत यायचं, घाटीवरून उडायचं आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगात पडायचं. माझी पाळी आली तेव्हा पुढचं चाक आधी खाली गेलं. हनुवटी हँडलवर आपटली आणि समोरचा अर्धा दात वाळूत राहिला.

आपले विज्ञानाचे सर धावत आले. नाव लिहीत नाही, त्या काळच्या कोणालाही ते ओळखू येतील. त्यांनी कळशीतलं पाणी तोंडावर मारलं, जबडा हलवून बघितला आणि विचारलं, "कोन किती होता रे चढाचा?" माझ्या तोंडात रक्त. "बरं, नंतर मोजून सांग," म्हणाले. मी काही मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर सायकल काढली आणि तासभर प्रक्षेप्य गती शिकवली. सायकलवर बसलेल्या मुलाला त्यांनी मुद्दाम एक दात कमी काढला होता.

आता इंग्लंड. बेडफर्डच्या उत्तरेला थरलाय नावाचं खेडं आहे. स्पेलिंग वाचून मी वर्षभर 'थर्ली' म्हणत होतो आणि कारखान्यातले लोक हसत होते. दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून तिथे अमेरिकनांची बी-17 बॉम्बर विमानं होती. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने ती जागा विमान संशोधनासाठी घेतली. आजूबाजूची तीन युद्धकालीन विमानतळं एकाच पाच मैलांच्या धावपट्टीने जोडायची, असा मूळ बेत होता. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. तो कागदावरच राहिला आणि थरलायला 3,200 मीटरची धावपट्टी झाली. तीसुद्धा एवढी की तिच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असं मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्याआधीच्या गोष्टी जुन्या फिटर मंडळींकडून ऐकल्या. हॅरियर म्हणजे जागच्या जागी सरळ वर उठू शकणारं लढाऊ विमान. त्याचा थोरला भाऊ पी. 1127 आधी दुसरीकडे नुसता जागच्या जागी हवेत तरंगला होता. धावत जाऊन साध्या विमानासारखा तो पहिल्यांदा उडाला 13 मार्च 1961 रोजी, थरलायच्याच धावपट्टीवरून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथून एचपी 115 नावाचं एक निमुळतं विमान उडालं. कॉनकॉर्डसारखे अरुंद त्रिकोणी पंख हळू वेगात कसे वागतात ते बघायला ते बांधलं होतं. वेगासाठी जन्मलेल्या विमानाची काळजी शेवटी उतरतानाच जास्त असते, असं एक म्हातारा फिटर म्हणायचा. ते मला पटलं होतं.

थरलायला आणखी एक विभाग होता, त्याचं नावच 'ब्लाइंड लँडिंग एक्सपेरिमेंटल युनिट'. धुक्यात पायलटला धावपट्टी दिसत नसताना विमान आपोआप उतरवायचं, हे त्याचं काम. 1957 साली हे लोक बेडफर्डला आले आणि वर्षानुवर्षं तेच करत राहिले: वर जा, उतर, पुन्हा वर जा, पुन्हा उतर. त्यातून तयार झालेल्या यंत्रणेवर 10 जून 1965 रोजी पॅरिसहून आलेलं ट्रायडेंट विमान प्रवाशांसह हीथ्रोवर आपोआप टेकलं. हिवाळ्यात मुंबईहून येताना खिडकीबाहेर नुसता कापूस असतो आणि तरी चाकं टेकतात. शेजारचा प्रवासी पायलटचं कौतुक करतो. मी गप्प बसतो, कारण एकदा हे सगळं सांगायला लागलो की सामान येईपर्यंत थांबत नाही.

मी स्वतः पाहिलेली गोष्ट 1977 च्या शरदातली. ब्रिटिश नौदलातले लेफ्टनंट कमांडर डग टेलर यांनी एक कल्पना मांडली होती: जहाजाच्या डेकचं पुढचं टोक वर वळवायचं आणि हॅरियर त्यावरून सोडायचं. त्याच्या चाचण्या ऑगस्टपासून थरलायला सुरू झाल्या होत्या. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. एका शनिवारी सहज सायकल काढली होती. कुंपणाच्या झाडीपलीकडे अचानक आवाज उठला, छातीतल्या फासळ्या थरथरल्या. मग झाडांच्या शेंड्यांवर एक विमान नाक वर करून आलं, दगड भिरकावल्यासारखं. वेग बघितला तर ते पडायला हवं होतं. पडलं नाही. कमानीच्या माथ्यावर जरा रेंगाळलं आणि तिथून सरळ निघून गेलं. चढ मला दिसलाच नाही, झाडी आड होती. पण मी सायकलवरून उतरलो आणि जीभ आपोआप तुटक्या दातावर गेली.

त्यातली गोम अशी. चढाच्या टोकाला हॅरियरचा वेग उडण्यापुरता नसतोच. चढ त्याला फक्त वर फेकतो. वर जाऊन खाली यायला जे काही सेकंद लागतात तेवढ्यात इंजिन ढकलत राहतं आणि पंखांना पुरेसा वेग मिळतो. म्हणजे चढ म्हणजे उसनवारीचा वेळ. सपाट डेकवरून जेवढं वजन घेऊन उडता येत नाही तेवढं मग घेता येतं. माझ्या सायकलला चढाने तेवढाच वेळ दिला होता, पण हवेत पायडल मारून काही उपयोग नव्हता. थरलायला कोन लहानापासून सुरू करून वाढवत वाढवत वीस अंशांपर्यंत नेला.

कुंपणाच्या आत मी गेलो तो पंपांमुळेच, तेही धावपट्टीवर नाही, काही मैलांवरच्या वाऱ्याच्या बोगद्यांकडे, जिथे विमानांची छोटी मॉडेल वाऱ्यात धरून तपासायचे. तिथला आठ फूट बाय आठ फूट मापाचा बोगदा ध्वनीपेक्षा जास्त वेगाचा वारा सोडायचा. त्यामागे 80,000 अश्वशक्तीचं यंत्र. एवढी शक्ती बंद नळीत फिरवली की हवा तापते, ती थंड करायला पाणी लागतं, आणि पाण्याला पंप. एका पंपाची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग, गळत होती. पास गळ्यात आणि रखवालदार मागे, असं मी दोन दिवस काम केलं. दुपारी बोगद्याचं दार उघडं होतं. आत भिंतींचं पोलाद घासलेल्या पितळी पातेल्यासारखं लखलखत होतं. मध्ये हातभर लांबीचं विमान मागून एका दांड्यावर धरलेलं. मलमलीचं फडकं घेतलेला एक माणूस त्यावरचे बोटांचे ठसे पुसत होता, फुंकर मारून, गणपतीची मूर्ती पुसावी तसा. रखवालदाराने माझी मान धरून वळवली नाही एवढंच.

1994 मध्ये थरलायचं उड्डाण थांबलं. आज त्या धावपट्टीवर मोटारींच्या रांगाच रांगा उभ्या असतात, आणि विमानतळाच्या एका भागात शर्यतीचा ट्रॅक आहे. अमेरिकनांच्या आठवणींचं एक छोटं संग्रहालयही तिथे झालं. बोगद्यांपैकी एक उभा होता, खालून वर वारा सोडणारा. गिरक्या खात पडणारं विमान सावरतं का, ते त्यात छोटी मॉडेल टाकून तपासायचे. आता तिथे पैसे भरून माणसं तरंगतात. माझी नात नवव्या वाढदिवसाला तरंगली. गाल फडफडत होते, आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "आजोबा, माझे दात सुकले."

मे 1988 मध्ये सुट्टीवर आलो. दाबोळीला उतरताना खिडकीतून नौदलाची सी हॅरियर विमानं दिसली. 1983 च्या डिसेंबरपासून ती गोव्यात होती, आणि 1987 मध्ये आलेल्या 'विराट' या विमानवाहू जहाजाच्या नाकाडावर बारा अंशांचा चढ होता, थरलायला सिद्ध झालेला. टॅक्सी थेट सरांच्या घरी नेली. सर निवृत्त झाले होते, खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कोळशाने जमिनीवर कमान काढली, इंजिनाचा जोर कुठे लागतो ते मला दोनदा सांगायला लावलं, आणि मान हलवली.

मग म्हणाले, "आणि आपल्या घाटयेचो कोन? तो तू अजून सांगूक नाय."

सरांच्या नातवाच्या कंपासपेटीतलं कोनमापक, सुतळी आणि एक खडा घेऊन आम्ही दोघं शाळेत गेलो. सुट्टी असल्यामुळे मैदानात गुरं होती. घाटीवर टाकळ्याची वाळकी काटकं उभी होती, पण ती जागेवर होती. सुतळी धरायला सर उकिडवे बसले. एकोणीस अंश भरले. "बेडफर्डला वीसपर्यंत गेले होते," मी जरा ऐटीत म्हटलं.

सरांनी चढावरची माती चपलेने उकरून बघितली. "एकवीस पावसाळे गेले तेच्यार. तेव्हाचो कोन हो न्हय."

खिशातल्या डायरीत त्यांनी एकोणीस लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.