रीसेटनंतरही टिकणारी रॅम

सोमवार

रात्रभर चाचणीला लावलेलं बोर्ड पुन्हा मध्येच रीसेट झालंय. लॉगमध्ये नेहमीच्या ओळी आणि त्यांच्यामागून थेट बूटचा संदेश. मधे काय झालं याचा मागमूस नाही. शिवाय बोर्ड पुन्हा चालू झाल्यापासून तापमानाचा सेन्सर गप्प आहे. दोन गोष्टी एकदम बिघडल्या की सगळ्यांचा संशय वीजपुरवठ्यावर जातो, तसाच आजही गेला.

वादात पडण्याआधी रीसेटचं कारण वाचून घेतलं. बोर्डावरच्या एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये रीसेटची कारणं सांगणारे बिट, म्हणजे फ्लॅग, आपण पुसेपर्यंत तसेच राहतात, म्हणून आठवड्यापूर्वीचं कारण आजच्या कारणात मिसळून जातं. बूट होताच, इतर काहीही करण्याआधी, हे फ्लॅग असलेल्या रजिस्टरची (चिपमधल्या छोट्या साठवण-जागेची) प्रत काढायची आणि फ्लॅग पुसून टाकायचे. या चिपवर वॉचडॉगच्या (कोड अडकला की चिप रीसेट करणाऱ्या टायमरच्या) फ्लॅगसोबत रीसेट पिनचा फ्लॅगही लागलेला दिसतो, कारण आतून झालेला रीसेटही तीच पिन खाली ओढतो. त्यावरून कुणीतरी बटण दाबलं असा निष्कर्ष काढायचा नाही.

उत्तर मिळालं: वॉचडॉग. व्होल्टेज पडल्याचा फ्लॅग कोरा होता. म्हणजे वीजपुरवठ्याचा दोष नाही, कोड कुठेतरी अडकला होता. कुठे, हे मात्र वॉचडॉग सांगत नाही.

मंगळवार

स्टार्टअप फाइल (चिप सुरू होताच सर्वांत आधी चालणारा कोड) उघडली. हार्ड फॉल्टचा, म्हणजे प्रोसेसरला पुढे जाता येत नाही अशा चुकीचा, मूळ हँडलर (तेव्हा चालणारं फंक्शन) म्हणजे नुसतं अनंत लूप. डीबगर जोडलेला असेल तर ठीक, आपण तिथे थांबून बघू शकतो. पण रात्री टेबलावर एकट्या चालणाऱ्या बोर्डासाठी तो हँडलर म्हणजे पुरावा नष्ट करायची सोय. फॉल्ट येतो, लूप फिरत राहतं, काही वेळाने वॉचडॉग रीसेट देतो आणि सगळं पुसलं जातं.

खरं तर सगळं पुसलं जात नाही. आज मला सर्वांत जास्त आनंद याच गोष्टीने दिला. रीसेटने रॅममधला मजकूर जात नाही, वीज गेल्यावर जातो. रॅम पुसतो तो आपलाच स्टार्टअप कोड, तोही फक्त त्याला नेमून दिलेला भाग. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड आणि डेटा मेमरीत कुठे बसेल हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ‘नोइनिट’ नावाचा छोटा विभाग वेगळा ठेवला, तर स्टार्टअप त्याला हात लावत नाही. ६४ बाइट पुरतात. मात्र पहिल्यांदा वीज आल्यावर त्यात काहीही कचरा असतो, म्हणून सुरुवातीला एक ठरलेला आकडा आणि शेवटी चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे तपासणारी बेरीज) हवाच. बूटलोडर (मुख्य कोड सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असेल तर तो हीच जागा स्वतःच्या स्टॅकला (फंक्शनांच्या तात्पुरत्या नोंदींना) वापरत नाही ना, हेही त्याच्या मॅप फाइलमध्ये बघून घ्यायचं.

मग हँडलर नव्याने लिहिला. चिपमधला कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर फॉल्टच्या क्षणी आठ रजिस्टर स्वतःहून स्टॅकवर ठेवतो: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता), पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि एक्सपीएसआर (प्रोसेसरची स्थिती). पीसी सातवा, म्हणजे स्टॅकच्या त्या टोकापासून २४ बाइटवर. हँडलरमध्ये शिरताना एलआरमध्ये जो खास आकडा असतो, त्याचा बिट २ (शून्यापासून मोजून) बघितला की मुख्य स्टॅक चालू होता की टास्कचा, ते कळतं. आरटीओएस (अनेक टास्क आळीपाळीने चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर हे विसरून चालत नाही. चुकीचा स्टॅक वाचला की पीसी म्हणून भलताच पत्ता हाती लागतो. पीसी, एलआर आणि सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) एवढं त्या ६४ बाइटांत लिहायचं आणि रीसेट मागायचा. पुढच्या बूटला लॉगमध्ये पहिली ओळ याची.

हँडलरमधून थेट यूएआरटीवर (सिरीयल पोर्टवर) छापायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. ज्या क्षणी प्रोसेसर कशावर भरवसा ठेवू शकत नाही, त्या क्षणी त्याच्याकडून कमीत कमी काम करून घ्यावं.

बुधवार

सकाळी ओळ आलेली होती!

सीएफएसआरमध्ये अलाइनमेंटचा (पत्ता हव्या त्या आकड्याने भाग जात नसल्याचा) बिट लागलेला. पीसीचा पत्ता अ‍ॅडर-टू-लाइनला (पत्त्यावरून कोडची ओळ शोधणाऱ्या साधनाला) दिला आणि त्याने पॅकेट उलगडणाऱ्या फंक्शनमधली नेमकी ओळ दाखवली. पॅकेटमध्ये आधी उपकरणाचं नाव येतं, मग ३२ बिटांचा अनुक्रमांक, मग ६४ बिटांची वेळ. नावाची लांबी ठरलेली नसते, त्यामुळे पुढचे आकडे कधी चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर पडतात, कधी नाही. कोड बफरमधल्या पत्त्याला पॉइंटर लावून आकडा थेट उचलत होता.

आता गंमत बघा. ३२ बिटांचा अनुक्रमांक वाकड्या (चारने भाग न जाणाऱ्या) पत्त्यावरून वाचला तरी एम४ तक्रार करत नाही, साधी लोडची सूचना तो सांभाळून घेतो. म्हणून त्याच्या आधीची ओळ कायम बिनबोभाट चालत आली. पण ६४ बिट उचलायला कंपायलरने एलडीआरडी ही सूचना वापरली, आणि तिला चारने भाग जाणारा पत्ताच लागतो. एकाच फंक्शनमधल्या लागोपाठच्या दोन ओळी, पॅकेट तेच, पॉइंटर तितकाच वाकडा, तरी एक चालते आणि दुसरी फॉल्ट देते. दिवसा ज्या उपकरणांशी बोलणं होतं त्यांची नावं सोयीच्या लांबीची. रात्रीच्या चाचणीत एक लांब नाव येतं, तेव्हाच फॉल्ट.

पॉइंटर काढून मेमकॉपी (बाइटांची नक्कल करणारं फंक्शन) लावली. लांबी ठरलेली असल्यामुळे कंपायलर फंक्शन कॉलसुद्धा करत नाही, दोन साध्या लोड टाकतो. डिसअसेम्ब्लीत (कंपायलरने बनवलेल्या सूचनांच्या यादीत) ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा समाधान वाटलं.

गुरुवार

उरला सेन्सर. लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र) लावला, डीबगरमधून मुद्दाम सेन्सर वाचत असतानाच रीसेट देत राहिले आणि चित्र स्पष्ट झालं. आय-टू-सीवर (सेन्सर आणि प्रोसेसरमधल्या दोन तारांच्या बसवर) बाइट अर्धा येऊन झालेला असताना प्रोसेसर रीसेट झाला, तर सेन्सरला त्याची खबरही नसते, त्याची वीज चालूच असते. तो एसडीए (डेटाची तार) खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसतो. प्रोसेसर परत येतो, बस व्यस्त दिसते म्हणून तोही थांबतो.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि तरी थोड्याच प्रकल्पांत सापडतो: बूटला आय-टू-सी सुरू करण्याआधी त्या पिना साध्या जीपीआयओ (कोडने थेट वर-खाली करता येणाऱ्या पिना) म्हणून घ्यायच्या, एसडीए मोकळी होईपर्यंत एससीएलवर (क्लॉकच्या तारेवर) नऊपर्यंत ठोके द्यायचे, मग स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण). स्क्रीनवर बघितलं तर काही ठोक्यांतच एसडीए वर गेली. आता कितीही वेळा रीसेट द्या, सेन्सर बोलतो.

शुक्रवार

फर्मवेअरमधला मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. चाचणी इतके दिवस कोण चालवणार? म्हणून काउंटर शून्यापासून सुरूच केला नाही, वळणाच्या एक मिनिट आधीपासून सुरू केला. लिनक्स कर्नलही हेच करतो, त्याचा ३२ बिटांचा जिफीज काउंटर (वेळेचे ठोके मोजणारा) बूटनंतर पाच मिनिटांनी वळतो. एलईडी लुकलुकवणाऱ्या टास्कने लगेच दगा दिला. तिथे ‘आता’ची तुलना थेट ‘शेवटच्या वेळे’शी होती, अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेली) वजाबाकी करून फरक तपासला की झालं.

शनिवार

फॉल्टची नोंद आता सगळ्या बोर्डांच्या फर्मवेअरमध्ये घातली आहे. एक कोपरा अजून अंधारात आहे. प्रोसेसरच्या आतल्या, मेमरीकडे जाणाऱ्या बसवरचं लिखाण बफरमधून उशिरा जातं, त्यामुळे काही बस फॉल्टमध्ये स्टॅकवरचा पीसी गुन्हेगाराच्या काही सूचना पुढचा असतो. सीएफएसआरमध्ये ‘इम्प्रिसाइज’ बिट (पीसी नेमका नसल्याची खूण) दिसला तर त्या ओळीवर विश्वास ठेवायचा नाही. चाचणीच्या बिल्डमध्ये एसीटीएलआर या नियंत्रण रजिस्टरमधून तो बफर बंद करता येतो. वेग थोडा कमी होतो, पण पत्ता नेमका मिळतो. तो स्विच मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) टाकला आणि रात्रीच्या चाचणीला लांब नावांची आख्खी यादी जोडून दिली.